चरोद्याहून टॉलीगंज

चरोद्यात सहलींचं काम करणाऱ्याकडे गोल्फची चौकशी सहसा येत नाही. इथली माणसं पुरीला जातात, गया-काशीला जातात, शेगाव-शिर्डी करतात, आणि घर मराठी असेल तर एकदा तरी अष्टविनायक. भिलाई-३ आणि चरोदा ही रेल्वेच्या यार्डाभोवती वाढलेली वस्ती. गोंदिया, भंडारा, नागपूरकडून नोकरीला आलेली बरीच मराठी कुटुंबं इथेच रुजली. माझे वडील याच यार्डात गार्ड होते. त्यांच्या निवृत्तीनंतर मी जी. ई. रोडजवळ तिकिटांचं आणि सहलींचं छोटं ऑफिस काढलं. रेल्वेतले आणि पोलाद कारखान्यातले निवृत्त लोक व त्यांची घरची मंडळी, ही माझी गिऱ्हाइकं.

त्यांतलेच चार काका एका संध्याकाळी एकत्र आले. गोल्फ खेळायला जायचंय, म्हणाले, पण जागा जुनी हवी, इंग्रजांच्या काळातली. नुसतं हॉटेल आणि हिरवळ नको. आणि घरच्या बायकाही बरोबर येणार, त्यांचाही विचार कर. चौघांपैकी दोघं जमशेदपूरला नोकरीत असताना हा खेळ शिकले होते. तिथे बेल्डीह आणि गोलमुरी अशी दोन मैदानं आहेत. एकजण लष्करातून निवृत्त, कामठी छावणीत असताना त्यांच्या हातात पहिल्यांदा स्टिक आली. चौथ्या काकांची सगळी नोकरी भिलाईच्या रेल मिलमध्ये गेली आणि निवृत्तीनंतर ते मुलाकडे पुण्याला राहून साठीच्या पुढे शिकले. मला त्यांचंच जास्त कौतुक वाटलं.

मला गोल्फमधलं काही कळत नव्हतं, म्हणून आधी विचारत गेले. किती वेळ लागतो? अठरा होलच्या एका फेरीला चार ते साडेचार तास. किती चालावं लागतं? सात-आठ किलोमीटर तरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळता का? यावर चौघंही एकमेकांकडे बघू लागले. तेव्हाच मी वहीत लिहून ठेवलं, दोन फेऱ्यांच्या मधे एक दिवस मोकळा.

मग जागा. जुन्या मैदानांची यादी करायला बसलं तर ती जवळपास सगळी डोंगरावर निघते. शिमल्यापासून वीसेक किलोमीटरवरचं नालदेहरा, जे लॉर्ड कर्झनला इतकं आवडलं की १९०४ साली जन्मलेल्या मुलीच्या नावात त्यानं ते गुंफलं. कोडाईकॅनॉलचा क्लब १८९५ चा, उटीचा १८९६ चा, शिलाँगचा १८९८ चा. काकांची यादीही साधारण अशीच होती. मी मात्र कोलकात्यावर अडून बसले. दोन कारणं होती. एक सरळ व्यवहाराचं. सत्तरीच्या आसपासचे गुडघे, दोन-तीन गाड्या बदलणं, घाटातली मोटार, त्यात लांबलचक बॅगा, हे सगळं टाळायचं असेल तर दुर्गहून एका गाडीत बसून उतरता येईल असं शहर हवं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं. इंग्रज डोंगरावर जायचे ते उन्हाळ्यापुरते. राज्य चालवलं ते कोलकात्यात बसून, आणि १९११ साली राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा होईपर्यंत तिथूनच. तो काळ बघायचा तर त्याचं कामाचं ठिकाण बघायला हवं.

शिवाय गोल्फचा मान म्हणाल तर कोलकात्याइतका जुना कुणाचाच नाही. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटनच्या बाहेर जगात इतका जुना गोल्फ क्लब दुसरा नाही. आपल्या देशात रेल्वे धावायला तेव्हा अजून चोवीस वर्षं अवकाश होता. आधी तो दमदमला होता, मग काही काळ शहरातल्या ‘मैदान’ नावाच्या मोकळ्या जागेवर, आणि १९१० मध्ये टॉलीगंजला गेला. राजा पंचम जॉर्ज आला तेव्हा ‘रॉयल’ हा किताब मिळाला. देशाची हौशी गोल्फपटूंची स्पर्धा १८९२ मध्ये इथेच सुरू झाली. जवळच टॉलीगंज क्लब, १८९५ चा. त्याचं क्लबहाउस त्याहून शंभर वर्षं जुनं, रिचर्ड जॉन्सन नावाच्या इंग्रजानं १७८८ मध्ये बांधलेला बंगला. १८०६ च्या वेल्लोरच्या उठावानंतर टिपू सुलतानाचं कुटुंब कोलकात्याला आणून ठेवलं, त्यातल्या राजपुत्रांचं बिऱ्हाड पुढे याच बंगल्यात होतं. श्रीरंगपट्टणच्या राजघराण्याची कैद आणि गोल्फची पहिली टी एकाच आवारात, हे ऐकून लष्करातले काका ताठ बसले आणि म्हणाले, "ठरलं मग. कोलकाताच."

ठरवणं सोपं असतं. अशा क्लबात मात्र पैसे भरले की आत, असं नसतं. हे खासगी क्लब. सदस्याची ओळख लागते किंवा संलग्न क्लबचं पत्र लागतं, शिवाय खेळाडूचा हँडिकॅप, म्हणजे खेळातली पातळी सांगणारा आकडा, किती त्याचा दाखला लागतो. जमशेदपूरच्या एका काकांचे जुने सहकारी कोलकात्यात सदस्य होते, म्हणून वाट मिळाली. तरी पत्रव्यवहाराला वेळ लागला. मी रेल्वेच्या घरातली, कागदाला घाबरत नाही. आमच्या लहानपणी हे सगळं दक्षिण पूर्व रेल्वेत होतं. बिलासपूरचा वेगळा झोन २००३ मध्ये झाला. तोवर वडिलांच्या प्रत्येक महत्त्वाच्या कागदावर मुख्यालयाचा पत्ता ‘गार्डन रीच, कलकत्ता’ असाच असायचा. बदली, बढती, निवृत्तिवेतन, सगळं तिथून. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात काय शिजणार हेसुद्धा बऱ्याच अंशी कोलकात्यातून ठरत होतं, असं आई म्हणायची.

पत्रांमधून एक गोष्ट कळली आणि तिनं सगळा कार्यक्रम लावून दिला. शनिवार-रविवारी मैदान सदस्यांनी भरलेलं असतं. पाहुण्यांना जागा मिळते ती आठवड्याच्या मधल्या दिवशी. उलट डलहौसी भाग, म्हणजे आताचा बिनय-बादल-दिनेश बाग, कामाच्या दिवशी इतका गजबजलेला असतो की मान वर करून इमारत बघायला उभं राहता येत नाही. रविवारी सकाळी तेच रस्ते रिकामे. म्हणून रविवार शहराला आणि मधले दोन दिवस खेळाला. ज्यांना जुन्या शहरात गोल्फची सहल आखायची आहे त्यांनी हा क्रम जरूर धरावा. उलटा धरला तर दोन्ही बिघडतात.

दुसरी गोष्ट सूर्याची. कोलकाता भिलाईच्या पूर्वेला सुमारे सात अंश, म्हणजे घड्याळ तेच पण सूर्य जवळजवळ अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरात तिथे पाचच्या आत सूर्य जातो. दुपारी बाराला सुरू केलेली अठरा होलची फेरी उजेडात संपेलच याची खात्री नाही. सकाळी अगदी लवकर म्हणावं तर धुकं. त्यामुळे साडेसात-आठची वेळ मागायची आणि धुक्यासाठी तासभर पुढेमागे धरायचा. त्या दिवशी दुपारनंतर काहीही ठेवायचं नाही. सहल आखणाऱ्याला मोकळी दुपार दिसली की तिथे काहीतरी कोंबावंसं वाटतं. मी तो मोह कटाक्षानं टाळते.

मग बॅगांचा प्रश्न आला. रेल्वेच्या डब्यात न्यायच्या पेटीचं माप ठरलेलं आहे, १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, २५ उंच. मी टेप घेऊन रेल मिलच्या काकांच्या घरी गेले. त्यांनी बॅग दिवाणावर आडवी ठेवली. लांबी मीटरहून बरीच जास्त भरली. सगळ्यात लांब स्टिक, ती ड्रायव्हर, एकटीच मीटरच्या वर. काकांनी कारखान्याच्या सवयीनं प्रत्येक स्टिकचं माप घेऊन कागदावर लिहिलं, वजनकाट्यावर बॅग ठेवली, आणि काकूंनी ड्रायव्हरच्या डोक्याला बसेल असा लोकरी मोजा कपाटातून काढून दिला. खेळाच्या नियमात एका वेळी चौदा स्टिका चालतात. काका म्हणाले, "सहलीला सात-आठ पुरे." बाकीच्यांनी कुरकुर केली, पण ऐकलं. स्टेशनवर आधी जाऊन विचारून आले. वजन तर मर्यादेच्या आतच होतं, दुसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात माणशी पन्नास किलो चालतं. अडचण फक्त लांबीची होती. ती अशी सोडवली की चौघांनाही खालचेच बर्थ घेतले आणि बॅगा बर्थखाली आडव्या सरकवल्या, येण्याजाण्याच्या वाटेत एकही इंच येणार नाही अशा.

गाडी गीतांजली. मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना १९७७ मध्ये ती वर्गविरहित गाडी म्हणून सुरू झाली. आज तिला वातानुकूलित डबे आहेत, पण वडिलांच्या पिढीच्या रेल्वेवाल्यांना ती दंडवत्यांची गाडी म्हणूनच ठाऊक. रात्री दुर्गला बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. साधारण साडेआठशे किलोमीटर. दुर्ग सोडल्यावर काही मिनिटांत चरोद्याचं यार्ड येतं. आमच्या सगळ्यांची घरं त्या दिव्यांच्या पलीकडे होती आणि सगळे खिडकीला नाक लावून बसले होते.

हा मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेचा. नागपूरहून राजनांदगावपर्यंतचा अरुंद मार्ग आधीच होता. १८८७ मध्ये कंपनी निघाली, तिनं तो रुंद केला आणि पूर्वेकडे वाढवत नेला. धान्य, कोळसा, पुढे लोखंड, सगळं कोलकात्याच्या बंदराकडे ओढायचं हा उद्देश. रेल मिलच्या काकांना या लाइनचा वेगळा अभिमान. भिलाईच्या कारखान्याचा सोव्हिएत देशाशी करार २ फेब्रुवारी १९५५ चा, पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन १९५९ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झालं, आणि देशाच्या रुळांचा मोठा भाग तिथूनच येतो. चाकांचा आवाज ऐकत ते म्हणाले, "यातले कितीतरी रूळ माझ्या डोळ्यांसमोरून गेलेत." वसाहतीच्या काळात माल बाहेर नेण्यासाठी टाकलेल्या मार्गावर आता आमच्या गावच्या माणसांनी घडवलेले रूळ आहेत. मला ही गोष्ट या सहलीतल्या कुठल्याही इमारतीपेक्षा मोठी वाटते.

राहण्याची व्यवस्था मी मुद्दाम दोन ठिकाणी केली नाही. खेळणारे क्लबात आणि बायका दुसरीकडे, असं काही मंडळी करतात. मला ते पटत नाही. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, कालीघाटाच्या अगदी जवळ. कोलकात्याला येणाऱ्या मराठी माणसाचा तो जुना आधार. तिथून मेट्रोनं टॉलीगंज, म्हणजे महानायक उत्तमकुमार स्टेशन, थोड्याच वेळात येतं. देशातली पहिली मेट्रो हीच, २४ ऑक्टोबर १९८४ ला एस्प्लनेड ते भवानीपूर धावली आणि दोन वर्षांनी टॉलीगंजपर्यंत पोचली. खेळणारे बॅगांमुळे टॅक्सीनं जात, बाकीच्या आम्ही मेट्रोनं. पहाटे कालीघाटाचं दर्शन, एका दुपारी दक्षिणेश्वर. तिथलं मंदिर राणी रासमणीनं बांधलं, १८५५ मध्ये पूर्ण झालं. काकूंना त्या बाईचा इतिहास फार आवडला. गंगेवर कोळ्यांच्या मासेमारीवर ईस्ट इंडिया कंपनीनं कर बसवला तेव्हा तिनं नदीच्या एका पट्ट्याचा इजारा घेतला आणि साखळ्या लावून जहाजं अडवली. कर मागे घ्यावा लागला.

शहरातल्या त्या ‘मैदाना’वरून जाताना मी काकूंना आणखी एक दाखवलं. १८९१ मध्ये इथे बायकांचा स्वतःचा गोल्फ क्लब निघाला, कलकत्ता लेडीज गोल्फ क्लब. त्या काळच्या मेमसाहेबांनी काढलेला. आमच्या काकूंपैकी एकजण तोवर गोल्फ म्हणजे ‘यांचं खूळ’ म्हणत होत्या. त्यांनी टॅक्सी थांबवायला सांगितली, उतरून बराच वेळ हिरवळीकडे बघत राहिल्या आणि परत आल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "उद्या मी चालत तुमच्याबरोबर येते. बघू तरी काय असतं ते." त्या आल्या, अठराच्या अठरा होल चालल्या.

रविवारची डलहौसीतली सकाळ. लाल दिघी या तळ्याच्या काठाकाठानं चाललं की अर्ध्या तासात सव्वाशे वर्षांचं राज्य बघून होतं. राइटर्स बिल्डिंग, जिची सुरुवात १७७७ मध्ये कंपनीच्या कारकुनांना राहायला म्हणून झाली. घुमटाचं मुख्य पोस्ट ऑफिस, १८६८ चं, जुन्या फोर्ट विल्यमच्या जागेवर. थोडं पुढे सेंट जॉन्स चर्च, १७८७ चं, आणि त्याच्या आवारात जॉब चार्नॉकची कबर. ८ डिसेंबर १९३० ला बिनय बसू, बादल गुप्ता आणि दिनेश गुप्ता हे तिघं तरुण याच राइटर्समध्ये शिरले आणि तुरुंगांचा प्रमुख सिम्पसन याला गोळ्या घातल्या. आज चौकाला त्यांचं नाव आहे. इमारतीच्या कमानी दाखवून पुढे जाणारा वाटाड्या मी घेत नाही. या चौकात उभं राहून ती नावं उच्चारली पाहिजेत.

क्लबांबद्दलही हेच. इतकी सुंदर हिरवळ, इतके शांत व्हरांडे, आणि वर्षानुवर्षं या शहरातल्या कित्येक क्लबांच्या दारातून हिंदी माणूस सदस्य म्हणून आत जाऊ शकत नव्हता. सर राजेंद्रनाथ मुखर्जी, मोठे उद्योजक. पुढे बर्नपूरच्या पोलाद कारखान्याशी त्यांचं नाव जोडलेलं. व्हाइसरॉय लॉर्ड मिंटोच्या निमंत्रणावरून ते बेंगॉल क्लबात जेवायला गेले तर हिंदी म्हणून मज्जाव झाला. त्यातून १९०७ मध्ये गोऱ्या-काळ्यांना सारखाच खुला असा कलकत्ता क्लब निघाला. आणि ज्या मार्टिन कंपनीचे मुखर्जी भागीदार, तिनंच व्हिक्टोरिया मेमोरियल बांधलं. जमशेदपूरच्या काकांना हे नाव पोलादाच्या इतिहासातून माहीत होतं, क्लबाच्या दारातली हकीकत माहीत नव्हती. खेळायला जायच्या आदल्या संध्याकाळी मी ती सांगितली. कुणाचा विरस व्हावा हा हेतू नव्हता. आपण कुठे चाललोय ते माहीत असून जावं, एवढंच.

पार्क स्ट्रीटच्या जुन्या कबरस्तानात आम्ही जरा जास्त रेंगाळलो. १७६७ मध्ये सुरू झालेलं. शेवाळलेले मनोरे, पिरॅमिड, घुमट. संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्स इथेच आहे. काकू मात्र वयं वाचत फिरत होत्या. बाळंतपणात गेलेल्या बायका, तापानं गेलेली मुलं. राज्यकर्त्यांच्या घरातही बाई आणि मूल सगळ्यांत आधी जातात, असं त्यांच्यातली एक म्हणाली, आणि मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

पहिली फेरी टॉलीगंज क्लबात झाली, दुसरी रॉयलला. रॉयलचं मैदान सपाट दिसतं आणि तिथेच माणूस फसतो. जागोजागी तळी आहेत, तिथे त्यांना टँक म्हणतात. रेल मिलच्या काकांसमोर असंच एक तळं आलं. मी काही पावलं मागे चालत होते. त्यांनी लांबची स्टिक मागितली. बॅग वाहणाऱ्या कॅडीनं ती दिली नाही. स्टिकवर हात तसाच ठेवून तो हळूच म्हणाला, "साहब, पानी को मत देखिये, उस पेड़ को देखिये," आणि छोटी स्टिक पुढे केली. काकांनी ऐकलं. चेंडू तळ्याच्या अलीकडे, कोरड्यात पडला. पुढच्या फटक्यात पलीकडे गेला. ग्रीनवर पोचल्यावर कॅडी खाली बसला, तळहात गवतावर फिरवून पाती कुठल्या दिशेला झुकलीत ते त्यानं बघितलं आणि भोकापासून वीतभर डावीकडे बोट ठेवलं. चेंडू तिथूनच वळला. काका चाळीस वर्षं मोजमापात घालवलेला माणूस. त्यांनी टोपी काढली आणि त्याला विचारलं, हे कुठे शिकलास? तो म्हणाला, बाप भी यहीं था.

या मैदानाला अशा बापलेकांचा मोठा इतिहास आहे. एस. एस. पी. चौरसिया, ज्याचे वडील इथे हिरवळीची निगा राखायचे, इथेच कॅडीचं काम करत शिकला आणि २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकून युरोपियन टूरचा विजेता झाला. पुढे इंडियन ओपन लागोपाठ दोनदा, २०१६ आणि २०१७ मध्ये, आणि मधे रिओचं ऑलिंपिक. म्हणून मी कॅडीच्या पैशांचा हिशेब क्लबच्या बिलात मिसळू देत नाही. त्यांची पाकिटं आधीच वेगळी करते आणि फेरी संपल्या जागी, ज्याच्या त्याच्या हातात, खेळणाऱ्यानं स्वतः द्यायची. सहलीच्या अंदाजपत्रकात काटकसर करायला शंभर जागा असतात. ही त्यांतली नाही.

शेवटच्या दिवशी मी सगळ्यांना उत्तरेकडे, बागबाजारला नेलं. कुठल्याही गोल्फच्या किंवा वारशाच्या सहलीत ही जागा नसते. एक साधी गल्ली, दोन्ही बाजूंना जुनी घरं, दारात वाळत घातलेले कपडे. पाटीवर नाव, मराठा डिच लेन.

१७४१ मध्ये रघुजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर नागपूरहून निघून छत्तीसगडात आला, रतनपूरच्या राजानं शरणागती पत्करली आणि आमचा मुलूख भोसल्यांच्या अमलाखाली गेला. पुढच्याच वर्षी त्याचं घोडदळ बंगालात उतरलं. काटव्याजवळ दाईंहाटला त्यानं दुर्गापूजा मांडली असताना नबाब अलिवर्दीखानानं छापा घातला. तोवर खेडीपाडी लुटली गेली होती, माणसं पळत होती. त्या भीतीनं कोलकात्यातल्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा ठरला, तीनेक मैल झाला, मराठे काही आले नाहीत. १७४४ मध्ये अलिवर्दीनं भास्कररामाला तहाच्या बोलण्याला बोलावून मारलं. १७५१ च्या तहात ओरिसा भोसल्यांकडे आला आणि बंगालची चौथ ठरली. खंदकाचा मोठा भाग पुढे बुजवून त्यावर १७९९ मध्ये सर्क्युलर रोड झाला. बंगालात आजही आया मुलांना झोपवताना ज्या बर्गींचं नाव घेतात, ते आपलेच स्वार.

त्या गल्लीत उभं राहून मी हे सांगितलं तेव्हा लष्करातल्या काकांनी विचारलं, "म्हणजे ज्यांच्या भीतीनं खणलं ते आपण?" हो, आपण. आमच्या शाळेत हा पराक्रम म्हणून शिकवला होता. गल्लीतल्या एका आजोबांनी आम्ही कुठले विचारलं. मराठी म्हटल्यावर ते हसले आणि बसायला खुर्च्या आणून दिल्या. त्यांना सखाराम गणेश देऊस्करांचं नाव ठाऊक होतं. देऊस्कर मूळच्या मराठी घरातले, देवघरजवळ जन्मलेले, बंगालीत लिहिणारे. १९०४ मध्ये त्यांचं ‘देशेर कथा’ आलं, ज्यात इंग्रजी राज्यात देश कसा नागवला गेला ते आकड्यांनिशी मांडलं होतं, आणि सरकारनं पुढे त्यावर बंदी घातली. त्यांच्याच पुढाकारानं कोलकात्यात शिवाजी उत्सव सुरू झाला आणि रवींद्रनाथांनी त्यावर कविता लिहिली. ज्यांच्या भीतीनं खंदक खणला त्यांच्याच राजाचा उत्सव दीडशे वर्षांनी त्याच शहरानं केला. बंगाली माणसाचं हे मन मला फार मोठं वाटतं.

परतीच्या गाडीत काका मंडळी तळ्यावरच्या फटक्यांबद्दल बोलत होती, काकू पुढच्या वेळी कुठे हे ठरवत होत्या. त्यानंतर माझ्याकडे अशी आणखी मंडळी आली आहेत. त्यांना मी आता आधीच सांगते. नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी, एवढाच काळ. क्लबला पत्र निदान दोन महिने आधी. फेऱ्या दोनच, मधे मोकळा दिवस. रविवार डलहौसीला. कॅडीची पाकिटं वेगळी. आणि नागपूर, गोंदिया, दुर्ग, रायपूर, कुठूनही हावड्याची गाडी पकडणाऱ्या मराठी माणसाला माझी एक विनंती असते. गोल्फ खेळत असाल वा नसाल, व्हिक्टोरिया मेमोरियलसाठी ठेवलेल्या वेळातला एक तास काढा आणि बागबाजारच्या त्या गल्लीत जाऊन या.